पायांकडे बघणाऱ्या बाई

पहिल्या दिवशी बाईंनी माझं तोंड बघितलंच नाही. मी एस.टी.तून उतरून, तरीच्या होडीतून खाडी ओलांडून, पत्र्याची पेटी घेतलेल्या गड्याच्या मागून उपकेंद्रावर पोचले, तेव्हा त्या पडवीत बसून कापूस निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चपला काढ." मी काढल्या. "आता न्हाणीत पाय धू आणि हय चलान ये."

ओल्या पायांनी मी कोब्यावरून चालत आले. त्यांनी ओणवं होऊन उमटलेली पावलं एकेक करून बघितली.

"डावो पाय लहानपणी मोडललो."

सातव्या वर्षी मी चिंचेवरून पडले होते. हाड इतकं चांगलं जुळलं होतं की पुढं माझ्या आईलाही कुठला पाय ते आठवत नसे. मी "होय" म्हटलं.

"चलात," म्हणजे चालेल, एवढं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलं ते कप हातात देताना, आणि तेही चहा सांडू नये म्हणून.

महाराष्ट्र राज्य व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. सिंधुदुर्ग नावाचा जिल्हाही नव्हता, सगळा मुलूख रत्नागिरीतच मोडायचा. मालवणच्या वर खाडीकाठच्या एका गावात आमचं उपकेंद्र होतं. चिऱ्याच्या दोन खोल्या, एक पडवी, एक विहीर. माणसं दोनच, बाई आणि मी. मी कोल्हापूरकडची, दाईचा कोर्स नुकता पुरा केलेली. मालवणी मला तेव्हा निम्मी कळायची. बाई पन्नाशीच्या आसपास, मूळच्या आरोंद्याच्या. लग्न केलेलं नव्हतं. गावाला कधी जात नसत आणि गावाहूनही कुणी येत नसे.

काम सांगायला सोपं होतं. आसपासच्या सात वाड्यांत कुठल्या घरात बाई पोटुशी आहे ते वहीत नोंदवायचं. महिन्यातून एकदा तिच्या घरी जायचं, शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला. बाळंतपण घरीच व्हायचं. ते करायचं, मग दहा दिवस रोज जाऊन बाळंतिणीला आणि पोराला बघायचं, आणि पोर वर्षाचं होईपर्यंत अधूनमधून वजन करायचं. वजनासाठी एक काटा होता. आढ्याच्या वाशाला अडकवायचा, खाली धडप्याची झोळी, झोळीत पोर.

बाई हे काम अनवाणी करत. चपला असत, पण पिशवीत. हातात काळी छत्री. कुणाच्या घरी गेल्या तर पुढच्या दाराने आत जायच्या नाहीत. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, वळसा घालून मागच्या अंगाला, न्हाणीपाशी जायच्या, आणि तिथं जमिनीकडे बघत उभ्या राहायच्या.

पोटुशी बाई असलेल्या प्रत्येक घराला त्यांची एक आज्ञा होती. न्हाणीतून घरात यायच्या वाटेवर चार हात लांब बारीक माती चाळून पसरून ठेवायची. आंघोळ करून बाई त्या मातीवरून चालत आत जाईल. पावलं पुसायची नाहीत. त्या येऊन बघतील.

आता या भागात माणूस मेल्यावर दिव्याखाली पीठ पसरतात. मेलेला कुठल्या जन्माला गेला ते पिठात उमटतं म्हणतात, कुणाला पाखराचा पाय दिसतो, कुणाला सापाची रेघ. जित्या, पोटुशा सुनेसाठी कुणी तशीच माती पसरायला सांगितली तर घरच्यांना काय वाटेल? पण बाईंना विरोध करायची छाती कुणाची नव्हती. माती पसरली जायची. फक्त त्या निघून गेल्या की म्हाताऱ्या बायका मीठ-मिरची ओवाळून टाकायच्या.

मला त्यांनी महिन्याभरात ती विद्या शिकवली. चांगल्या पावलाचा ठसा मध्ये पोकळ असतो. टाच उमटते, चवडा उमटतो, आतल्या बाजूला कमान सुटते. अंगावर सूज चढायला लागली की ती कमान भरत जाते. बोटं एकमेकांना चिकटतात. शेवटी पाट ठेवावा तसा सबंध ठसा उमटतो. अशा बाईची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवायची. दुधासारखी गढूळ झाली तर तिला झटके येणार. झटके आले की बाई आणि पोर दोघंही हातचे जातात. वेळेत होडीत घालून मालवणला न्यायचं, एवढाच उपाय.

"मग पायच का नाही बघायचा सरळ?" मी एकदा विचारलं. "बोट दाबलं की खळगा पडतो, कळतं."

"पाय बघूक गेलंय तर पातळ खाली ओढतत. सासू म्हणता, पाय मेलो कित्याक व्हयो, पोट बघ. आणि बायलमाणूस तुका सांगतली, काय होणा नाय माका, बरी आसंय." मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं. "तोंड फटी मारता. पाय मारणत नाय."

फटी मारणं म्हणजे खोटं बोलणं. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा तरी ऐकलं असेल.

त्याचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं, तेही विचारल्याशिवाय. आम्ही तरीची वाट बघत बसलो होतो. भर दुपारची वेळ, खाडीला ओहोटी लागलेली, चिखलावर खेकड्यांखेरीज काही हलत नव्हतं. बाई छत्रीच्या टोकाने वाळूत पाऊल काढत होत्या. म्हणाल्या, नोकरीला लागल्यावर पहिलीच पोटुशी बाई त्यांना मिळाली ती एकोणीस वर्षांची होती, मोठी हसरी. त्यांनी विचारलं की कशी आहेस, तर हसून म्हणायची, बरी आहे. निघताना अंगणातल्या ओल्या मातीत तिची पावलं बघितली होती, चांगली पाटासारखी. पण तेव्हा ती वाचता येत नव्हती.

"मी तिचा तोंड बघीत बसलंय," बाई म्हणाल्या. "तोंड हासत होता."

एवढंच. तरीची होडी आली आणि आम्ही चढलो.

पोटाशी बोलायची त्यांची एक पद्धत होती, ती मात्र मला शेवटपर्यंत अंगावर काटा आणायची. बाळाचे ठोके ऐकायला आमच्याकडे लाकडी नळी असते. बाई ती नळी पोटावर टेकण्याआधी बोटाने तीनदा हलकं ठोकत, दारावर ठोकावं तसं, आणि विचारत, "आसंस मां?" मग नळीला कान लावून डोळे मिटत. घरातल्या सगळ्या बायका श्वास रोखून धरत. बऱ्याच वेळाने बाई म्हणत, "आसा म्हणता." आणि मग पोटुशी बाई सोडून सगळ्याजणी हसत.

एकदा त्यांनी विचारलं, "आसंस मां?" आणि कान लावला. फार वेळ लावून ठेवला. पोटाच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, खाली. मग नळी पुसली, पिशवीत ठेवली आणि त्या बाईच्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, "पेज खा हां पोटभर." पाणंदीत आल्यावर मला म्हणाल्या, "ता गेला."

"मग तिला सांगितलं का नाही?"

"चार दिसांनी तिका कळतला. चार दिस तरी जेवंदे."

गावात बोलवा उठली होती की बाईंना दिसतं. काय दिसतं ते कुणी सांगत नसे. तिला सुरुवात झाली ती मी यायच्या वर्षभर आधी, विहिरीवर. बाई कुठल्याशा वाडीतून परत येत होत्या. विहिरीच्या काठच्या चिखलात पाणी भरून गेलेल्या बायकांची पावलं होती. त्या थांबल्या, वाकल्या, आणि विहिरीवरच्या बायकांना विचारलं, "ही कोण? ही बाई आजच्या आज मालवणाक जावक व्हयी." बायकांनी शोधून काढली. शेजारच्या वाडीतली, सहा महिन्यांची पोटुशी, वहीत नाव न लावलेली. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे येत होते. होडीतून नेली, वाचली. पोरही पुढे धड झालं.

कुणालाही वाटेल की यानंतर गावाने बाईंना डोक्यावर घेतलं असेल. झालं उलटंच. ज्या बाईला डोळ्यांनी बघितलं नाही तिचं मरण जिला चिखलात दिसलं, तिच्यासमोर कोण जाईल? बाजारात बाई दिसल्या की बायका उभ्या जागी पातळाचा सोगा पायांवर ओढत. एखाद्या घराच्या दिशेने त्या लागोपाठ दोनदा जाताना दिसल्या, की शेजारीपाजारी त्या घरात काय होणार याचा अदमास करत. खरं म्हणजे अवघड बाईकडेच त्या वारंवार जात, आणि अवघड बायकांमधल्या काही मरत. लोकांनी त्याचा क्रम फिरवला होता एवढंच. बाई गेल्या म्हणून बाई मेली.

या बोलवेनेच पुढचं सगळं घडवलं.

खाडीच्या तोंडाशी एक घर होतं. घरात विधवा म्हातारी, तिचा गलबतावर तांडेल असलेला मुलगा आणि पहिलटकरीण सून. मुलगा आठ-आठ महिने दर्यावर. शेजारच्या घरात म्हातारीचा थोरला दीर, पेन्शनीत निघालेला, दोन्ही घरांत त्याचाच शब्द चाले. सुनेला आठवा लागला तेव्हा न्हाणीच्या वाटेवरच्या मातीत बाईंना भरलेलं पाऊल दिसलं. लघवी तापवली, गढूळ झाली. बाईंनी मालवणला न्यायला सांगितलं. दीर ओटीवर येऊन म्हणाला, "आमच्या घरात आजपासून येव नुको. तुमची नजर वायट."

त्यानंतर आम्ही तीनदा गेलो. तीनही वेळा त्याने गडग्यापाशीच अडवलं. तिसऱ्या वेळी मला माजघराच्या खिडकीत ती पोरगी दिसली. तिने हात वर केला. तो नमस्कार होता की बोलावणं, ते मला कळलं नाही.

मार्गशीर्षात ती बाळंत झाली. त्यांनी गावच्या वयजिणीला, म्हणजे सुईणीला, बोलावलं होतं. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी झटके सुरू झाले, आणि दुपारच्या भरतीच्या सुमाराला पोरगी गेली. निरोप आला तेव्हा बाई उकळून काढलेल्या कात्र्या पुसत होत्या. त्या पुसायच्या थांबल्या नाहीत. सगळं जागच्या जागी ठेवलं आणि रात्र होईपर्यंत पडवीत भिंतीला टेकून बसल्या. मी पेज दिली ती तशीच राहिली.

बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होते, पोरासाठी परत येते, अशी सगळ्या मुलखाची समजूत. दिराने घाडी आणला. घाडी म्हणजे भूतखेत बघणारा. मसणवटीपासून घरापर्यंतच्या वाटेवर मोहरी फेकली गेली. मोहरीचा दाणा न् दाणा वेचल्याशिवाय अळवंतिणीला पुढे येता येत नाही म्हणतात. आणि घराच्या उंबऱ्यात तीन लांब खिळे ठोकले.

चाळीस दिवस होऊन गेल्यावर म्हातारीने स्वतःच आम्हाला चोरून निरोप पाठवला. पोर दूध घेत नव्हतं.

आम्ही गेलो ती वेळ दुपारची. दीर मालवणला गेला होता. बाहेर कडक ऊन आणि घरात इतकी शांतता की माडाच्या झावळीची सळसळ आतपर्यंत ऐकू येत होती. माजघरात एका सुपात पोर ठेवलं होतं. सुपाच्या भोवती दोन हात जागा मोकळी, जणू तिथं कुणी बसलंय. म्हातारी लांबून आली, तोंड फिरवून बसली आणि हात लांब करून कापसाच्या वातीने पोराच्या तोंडात गाईचं दूध पिळू लागली. दूध गालावरून ओघळत होतं.

पोर रडत नव्हतं, त्यानेच मला जास्त भीती वाटली. सव्वा महिन्याचं पोर आमच्याकडे बघत नव्हतं. सुपाच्या डाव्या अंगाला, जिथं कुणीच नव्हतं तिथं, नजर लावून पडलं होतं. मी काटा अडकवला. पाच पौंड भरलं. झोळीत ठेवलं तरी मान त्याच बाजूला.

"रडता काय?" बाईंनी विचारलं.

"पयले रडा. आता रडना नाय."

"रडा तेव्हा उचललात?"

म्हातारीने मान हलवली. "ती थय बसलली आसता, बाय. तिचा पोर. माजो हात लागलो आणि तिका राग इलो तर?"

बाई उठल्या. ओटीवर जाऊन उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला बसल्या. पिशवीत हात घातला आणि पक्कड काढली. ही पक्कड त्यांनी कधी आणि कुठून आणून ठेवली होती, मला माहीत नाही. निरोप आल्यापासून तासाभरातच आम्ही निघालो होतो.

"काढू नुको गो बाय," म्हातारी धावत आली. "ती भितर येतली."

"काकी, माका एक सांगा. ती आता खंय आसा? भितर काय भायर?"

म्हातारी माजघराच्या दारातच थांबली.

"भितर आसा तर खिळ्यांचा काम काय? भायर आसा तर पोरापाशी कोण बसला हा?"

म्हातारीने मागे वळून सुपाकडे बघितलं. तेवढ्यात पहिला खिळा निघाला. लाकूड नवं होतं, खिळा बाहेर येताना चिरकला. दुसरा निघाला. तिसऱ्याला बाईंना दोन्ही पाय उंबऱ्याला टेकून जोर लावावा लागला. तिन्ही खिळे त्यांनी अंगणापलीकडे खाडीत भिरकावून दिले.

मग त्यांनी त्या पोरीला हाक मारली. सासरचं नाव घेतलं नाही, माहेरचं घेतलं. वहीत आम्ही माहेरचंही नाव लिहून ठेवत असू. ते नाव त्या घरात लग्नानंतर कुणी घेतलं नव्हतं.

"ये गो," बाई उन्हाकडे बघत म्हणाल्या. रोजच्या आवाजात, शेजारणीला बोलवावं तसं. "वाट उघडी आसा. भियां नुको. पोर भुकेला हा, तुका काय करूचा हा ता कर."

आणि त्या थांबल्या. नळीला कान लावून थांबत, तशाच. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. झावळ्यांची सळसळही थांबली होती. मी सुपापाशी उभी होते, आणि देवाशपथ सांगते, माझ्या डाव्या अंगाला गार वाटत होतं. खाडीवरचा वारा असेल. पण वारा आला असता तर झावळ्या हलल्या असत्या.

बाईंनी मान फिरवली. "काकी, ती सांगता, माझे पाय भारी झाले हत. माका वाकूक येना नाय. पोराक तुमी उचला."

म्हातारी जागची हलली नाही. मग तिच्या घशातून काहीतरी आवाज आला आणि ती भिंतीला धरून माजघरात आली. सुपाशी बसली. डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, "घेव गो?" आणि पोर उचलून छातीशी धरलं. त्या घरात सव्वा महिन्यात पहिल्यांदा मोठं माणूस रडत होतं, आणि थोड्या वेळाने त्यात दुसरा, बारीक आवाज मिसळला. पोर रडायला लागलं होतं.

दूध वाटीने पाजायचं कसं ते मी म्हातारीला दाखवलं. निम्मी वाटी संपली. परत निघाले तर बाई ओटीवर जमिनीकडे बघत उभ्या होत्या.

म्हातारीने सकाळी ओटी सारवली होती. शेण अजून ओलसर होतं. आम्ही आलो ते मागच्या दाराने. बाई बसल्या होत्या उंबऱ्याबाहेर, आणि तिथवर त्या भिंतीकडेच्या कोरड्या पट्टीवरून गेल्या होत्या. म्हातारी धावत आली ती माजघराच्या दारापर्यंतच. आणि उंबऱ्याच्या आत, ओल्या शेणात एक पाऊल होतं. एकच, उजवं, आत येणारं. बोटं चिकटलेली, मध्ये कमान नाही, पाटासारखं सबंध.

मी तोंड उघडणार तोच बाई खाली बसल्या आणि हाताने ते पाऊल सारवून टाकलं. हात पातळाला पुसला. "चल," म्हणाल्या.

पाणंदीत आल्यावर मी विचारलं, "बाई, ते कुणाचं होतं?"

"माका काय म्हायत."

"तुम्ही पुसलंत का मग?"

"म्हातारेन बघितल्यान असता तर पोर परत सुपात गेला असता."

त्यानंतर आठवड्यातून दोनदा आम्ही जात होतो. पाचाचे सहा पौंड झाले, सहाचे साडेसात. पोर म्हातारीकडे बघून हसायला लागलं. सूप माळ्यावर गेलं. दीर तोंड फिरवून बसायचा, पण अडवत नव्हता. आम्हाला वाटलं, निभावलं.

फाल्गुनात दिराची म्हैस मेली. त्याने अर्ज केला की सरकारी नर्सने उंबऱ्याचे खिळे काढून अळवंतीण गावात मोकळी सोडली. तालुक्याच्या कचेरीत त्या अर्जाचं रूप बदललं. चौकशीचा कागद आला त्यात लिहिलं होतं, सदर परिचारिका ग्रामस्थांत अंधश्रद्धा पसरवतात. साहेब स्वतः आले. पडवीत खुर्ची मांडली. बाई कचेरीतल्या माणसांशी पुस्तकी मराठी बोलत, जाहीर सूचना वाचावी तशी.

"तुमचा भुतांवर विश्वास आहे का?" साहेबांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही, साहेब. त्या मुलाच्या आजीचा आहे. आणि मूल तिच्या घरात आहे, माझ्या नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. मग माझ्याकडे वळले. "मृत स्त्रीला यांनी हाक मारली, हे खरं का?"

मी बावीस वर्षांची होते. नोकरी कच्ची होती. पण खरं सांगायचं तर नोकरीच्या भीतीने मी बोलले नाही. मला दुसरं उत्तर सुचलंच नाही. "होय," मी म्हणाले. पोर पाच पौंडांचं होतं, ते आता साडेसात पौंडांचं आहे, हे सांगायचं राहून गेलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाई माझ्या पायांकडे बघत होत्या.

पावसाच्या तोंडावर त्यांची बदली आंबोलीला झाली. तरीवर त्यांना पोचवायला मी एकटी गेले. ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली होती त्या बायका वाटेवरच्या घरांच्या खळ्यांत, म्हणजे अंगणांत, उभ्या होत्या. काहींनी हात जोडले, पण दुरून. होडी सुटेपर्यंत मी जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलले नाही. "काचेची नळी घासून ठेव, खारवता," एवढं त्या म्हणाल्या.

श्रावणात एक दिवस पावसाची उघडीप होती तेव्हा ती म्हातारी उपकेंद्रावर आली. एकटीच. पोर वयजिणीजवळ ठेवून आली होती. पडवीत बसली आणि म्हणाली, "बायक एक सांगूचा रवला."

खिळे काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर ती दार उघडायला गेली. आदल्या संध्याकाळी तिने ओटी पुन्हा सारवली होती, कारण बाईंचा हात फिरला होता तिथं डाग दिसत होता. आणि त्यावर पावलं होती. माजघराकडून उंबऱ्याकडे, बाहेर जाणारी.

"कसली पावलं?" मी विचारलं. पाऊल कसं वाचायचं हे म्हातारीला कुणी शिकवलेलं नव्हतं. आत येणारं पाऊल तिने बघितलंच नव्हतं.

"बारीक," म्हातारी म्हणाली. "मधी पोकळ. लग्न होवन इली तेव्हा कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवन चलली होती, तशीच."

"तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

"नाय. माका भियां दिसला नाय, म्हणान सांगूक नाय." ती उठली. "साहेब इल्ले तेव्हा माका कोणी बोलवक नाय. मी सांगितलंय असता."

मी तीन दिवसांची रजा टाकली आणि आंबोलीला गेले. सावंतवाडीहून एस.टी. घाटात चढली तसं खिडकीबाहेर दिसेनासं झालं. धुकं इतकं दाट की ड्रायव्हर काच पुसत पुसत, हॉर्न देत चालला होता. आंबोलीला उतरले तर समोरचं चहाचं दुकानही आवाजावरून शोधावं लागलं. दुकानदाराने बाईंची खोली दाखवली. बाई दारातच बसून पायांवर चढलेल्या जळवा मीठ लावून काढत होत्या. तिथंही अनवाणीच फिरत होत्या. त्यांनी माझ्या ओल्या पायांकडे बघितलं. "बस," म्हणाल्या.

आधी मी मनातलं बोलून टाकलं. "मी होय म्हणाले म्हणून तुमची बदली झाली."

"खरा ता सांगितलंस. दुसरा काय सांगतलंस?"

"तुम्हाला इथं एवढ्या पावसात..."

"हयल्यो बायको पोटुश्यो रवणत नाय काय?"

मग मी म्हातारीने सांगितलेलं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. बाहेर जाणारी पावलं, बारीक, मध्ये पोकळ, कुंकवाच्या पायांसारखी. पाच तास हेच मनात घोळवत मी घाट चढून आले होते. हे ऐकून बाई काय म्हणतील, रडतील का, शेवटी तरी सांगतील का की त्यांना त्या दुपारी खरंच काही ऐकू आलं होतं, हे मला जाणून घ्यायचं होतं.

बाईंनी शेवटची जळू काढून मिठात टाकली.

"पोराचा वजन किती झाला?"

पाऊस लागल्यापासून मी खाडीच्या तोंडाशी गेलेच नव्हते. वाटेवर व्हाळ, म्हणजे ओढा, फुगला होता. म्हातारी समोर येऊन बसली तेव्हाही मला ते विचारायचं सुचलं नव्हतं.

बाईंनी पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत गेल्या, चहा टाकला, पेज वाढली. जेवून झाल्यावर म्हणाल्या, "दोन वाजता खाली जावची गाडी आसा."

ती रात्र मी सावंतवाडीला काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उपकेंद्रावर पोचले. पेटी न उघडता काटा घेतला, व्हाळातून कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेले. म्हातारीने पोर झोळीत ठेवलं. ते पाय झाडत होतं, काटा स्थिर होईना. दोनदा बघून घेतलं.

सतरा पौंड. त्याच संध्याकाळी पोस्टकार्डावर तेवढंच लिहिलं आणि आंबोलीला टाकलं.